तुम्ही व्हा पुढं

धबधब्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या जालन्याकडच्या माणसाला घाट आणि पावसाळा एवढं सांगितलं की कोणता ते कळतं. शिवाय तिथल्या डोलीवाल्यांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मिटवायची माझी इच्छाही नाही.

मी मोसंबीच्या बागा घेतो. फळ झाडावर असतानाच अख्ख्या बागेचा सौदा करायचा. मग तोडणी आपली, गाडी आपली आणि गारपीट झाली तर बोंबही आपलीच. हसनाबादजवळ आमची शेती आहे, पण भावाभावांत वाटणी झाल्यावर माझ्याकडे जो तुकडा आला त्यावर चूल पेटली नसती. मी दुसऱ्याच्या टेम्पोत क्रेट भरण्यापासून सुरुवात केली. आज जालन्यात घर आहे, मोंढ्याच्या बाजारात गाळा आहे. हे मला कुणी आंदण दिलेलं नाही. तोंडाच्या जोरावर मिळवलं आणि त्याहून जास्त पायांच्या जोरावर.

पायांच्या म्हणजे असं. सौदा अडला की मी हुज्जत घालत बसत नाही. "चला" म्हणतो आणि निघतो. बांध ओलांडायचा, सरळ गाडीकडे जायचं, मागं बघायचं नाही. दार उघडून एक पाय आत टाकेपर्यंत मागून "ओ शेठ, ऐका तर" असा आवाज येतोच. आवाज आला की भाव माझा. ज्याला मागं वळून बघायचा मोह आवरत नाही त्यानं या धंद्यात पडू नये.

हे माझ्या बायकोला बराबर ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून साड्या घ्या, भांडी घ्या नाहीतर सोनाराकडे जा, मी "चला" म्हटलं की ती मांडीवरची साडी बाजूला सारते आणि उठते. साडी कितीही मनात भरलेली असो, चेहऱ्यावर दिसू देत नाही. दुकानदार पायऱ्यांपर्यंत धावत येतो, आम्ही परत जातो, तीच साडी घेऊन घरी येतो. आमचं हे असं जुळलेलं होतं. मला तरी तसं वाटत होतं.

लग्नाच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही एसटीनं तिच्या मावशीकडे घाटाखाली चाललो होतो. एका वळणावर समोरच्या डोंगरात पांढरी रेघ दिसली. सगळी एसटी एका बाजूला वाकली. मी तिला म्हणालो, "तो बघ. हाच तो धबधबा."

"एवढाच?" ती म्हणाली.

"लांबून आहे म्हणून. जवळून दाखवतो की तुला."

ते "दाखवतो" माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. धबधब्याला पाणी असतं नेमक्या त्याच दिवसांत मला बागांचे सौदे असतात. मोसंबीचं आंब्या बहाराचं फळ मोठं व्हायला लागतं, व्यापारी बांधाबांधावर फिरायला लागतात, एक रविवार घरी बसलो तर बाग दुसऱ्याच्या घशात जाते. उन्हाळ्यात मी रिकामा असतो, पण उन्हाळ्यात तिथं कोरडा खडक बघायला कोण जाईल? हे तिला समजत होतं. ती तक्रार करत नव्हती. तक्रार करायला माझे साडू होते.

साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे मालक. हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. सासरवाडीत पहिलं पान त्यांचं. मेहुण्याच्या लग्नात त्यांना शाल आणि फेटा दिला आणि मला टॉवेल-टोपी. थोरले जावई आहेत, पहिला मान त्यांचा, हे मी मान्य करतो. पण टॉवेल कुठला आहे आणि किती धुण्यांत विरेल हे मला बोटांनी कळतं. तो टॉवेल घेताना कुणीतरी दुकानात म्हटलेलं असणार की त्यांना चालेल, व्यापारी माणूस आहे. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोडा आता. मी का सोडू?

तर हे साडू दर पावसाळ्यात, चार माणसं जेवायला बसलेली असताना, हटकून विषय काढायचे. "शेठ, तुम्हाला वेळ नसेल तर आम्ही दाखवतो हिला धबधबा. कुणीतरी दाखवायला पाहिजे ना." सगळे हसायचे. बायको पोळी वाढत राहायची. मी मनात म्हणायचो, दाखवीन तर मीच दाखवीन.

मागच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि त्याच वर्षी तिचे गुडघे पार गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, दिवाळीनंतर करू. मी म्हणालो, बरं झालं, ऑपरेशन होऊ दे, मग पुढच्या पावसाळ्यात आरामात जाऊ.

ती म्हणाली, "पुढच्या पावसाळ्यात पाऊस यील का, मला चालता यील का, कोण सांगावं? मला औंदा जायचं."

"पायऱ्या उतरायच्या हेत तिथं. कशी उतरशील?"

"डोल्या असतात. शेजारच्या काकूला बी डोलीतच नेल्तं. काकू सांगत व्हत्या, अंगावर पाणी उडतं म्हणं. मला लांबून न्हाई बघायचं आता. अंगावर उडालं पाहिजे."

एवढं मोठं वाक्य ती माझ्याशी क्वचित बोलते. मी एका बागेचा सौदा पुढे ढकलला आणि रविवार मोकळा केला. मग ती हळूच म्हणाली, "आक्का आणि दाजी बी येतो म्हणून राह्यले." म्हणजे ज्यांच्यासमोर एकदाचं दाखवायचं होतं तेच गाडीत मागच्या सीटवर. मला ते वाईटही वाटलं नाही. म्हटलं, येऊ द्या, बघू द्या.

सकाळी निघालो. भोकरदन सोडलं तसं आभाळ खाली आलं. साडू मागून रस्ता सांगत होते. गाडी माझी, रस्ता माझ्या पायाखालचा, आणि हे "आता पुढे डावीकडे घ्या बरं शेठ" करत होते. मी मुद्दाम उजवीकडे घेतली आणि मग चिखलातून मागं वळवावी लागली. त्यावर ते नुसते खिडकीबाहेर बघत गुणगुणले. बोलले असते तर परवडलं असतं.

तिथं पोचलो तर ही गर्दी. गाड्या अशा लावलेल्या की निघताना आपली निघेल का हीच काळजी. भाजलेली कणसं, भजी, भाड्यानं रेनकोट. धबधबा दिसत नव्हता, पण आवाज येत होता, एखादी कापसाची जिनिंग चालू असावी तसा. बायको गाडीतून उतरली, आवाजाकडे तोंड करून उभी राहिली आणि हसली. मी बघितलं ते.

पायऱ्यांच्या तोंडाशी डोलीवाले बसले होते. डोली म्हणजे दोन बांबूंना बांधलेली खुर्ची, चार माणसं खांद्यावर घेतात. त्यांच्यातला म्होरक्या, खांद्यावर पंचा टाकलेला माणूस, आमच्याकडे बघून उठला. गुडघे दुखणारी बाई तो लांबून ओळखत असणार. त्यानं खुर्ची पुसली आणि बायकोला म्हणाला, "बसा, मावशी."

ती बसली. सौदा व्हायच्या आधी बसली. इथंच खरं म्हणजे पहिलं चुकलं. बाग आवडली हे मालकाच्या देखत दाखवायचं नसतं.

मी भाव विचारला. त्यानं सांगितला. मी हसलो.

"माणूस खाली न्यायचाय का मुंबईला?"

"जाऊन-येऊन हे, शेठ. चार माणसं हेत. पायऱ्या निसरड्या झाल्यात."

"कालपर्यंत काय घेत व्हते?"

"कालबी हाच. पण मावशीचं वजन..."

"वजन?" माझा आवाज चढला. "वजनावर लावून राह्यला का तू? माणूस हे का मोसंबी?"

मागून साडू म्हणाले, "शेठ, तुमचाच धंदा लावला की त्यानं तुम्हाला." आक्का तोंडावर पदर घेऊन हसल्या. बायकोही हसली असावी, मी बघितलं नाही. माझं डोकं तापलं होतं. मी निम्म्यावर आलो. तो मान हलवायला तयार नाही. मी थोडं वर गेलो. तो म्हणाला, "रेट एकच हे, शेठ. इथं घासाघीस न्हाई." घासाघीस नाही! देवळाबाहेर नारळसुद्धा घासाघीस करून मिळतो.

"अहो," बायको खुर्चीतून म्हणाली, "द्या ना. तिकडं पाणी वाया चाललं."

"पाणी कुठं जात न्हाई." मी म्हणालो. आणि मग नेहमीच्या आवाजात, त्या माणसाकडे न बघता, म्हणालो, "चला."

ती उठली नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तिनं तळवे ठेवले होते. शांतपणे म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं."

हे वाक्य आमच्यात रोजचं आहे. लग्नातून निघताना, देवळातून निघताना ती हेच म्हणते. म्हणजे चप्पल शोधते, कुणाशी दोन शब्द बोलते आणि मागून येतेच. मला वाटलं, उठायला वेळ लागतोय, गुडघे आहेत. मी पुढं झालो.

सरळ चालत गेलो. कणसांची गाडी ओलांडली, रेनकोटवाला ओलांडला. कान मागं. मनात मी भावसुद्धा ठरवला होता, त्याच्या आकड्याच्या जरा खाली, म्हणजे त्याचीही इज्जत राहील. हाक आली नाही. गाडीपाशी पोचलो, दार उघडलं. हाक नाही. पाय आत टाकला. मग म्हटलं गर्दीच्या आवाजात ऐकू आलं नसेल, म्हणून आत बसलो, थोडा वेळ काच खाली करून बसलो. एक माणूस आला, पण तो म्हणाला, "गाडी काढून राह्यले का? मला लावायची हे."

आयुष्यात पहिल्यांदा मी सौदा टाकून मागं वळलो. परत गेलो तर खुर्ची जागेवर नव्हती. बायकोही नव्हती. साडू आणि आक्का बाकावर बसून भजी खात होते.

"कुठंय?"

"गेली की ती," आक्का म्हणाल्या. "भाऊजी, तुम्हीच पुढं झाला ना?"

"गेली म्हणजे?"

"डोलीतून. तुम्ही वळला अन् ती म्हणाली, उचला."

मी साडूंकडे बघितलं. यांनीच पैसे काढले असणार. आता जन्मभर ऐकायला लागेल, शेवटी आम्हीच दाखवला बरं का. "तुम्ही दिले ना पैसे?"

"देत होतो," साडू म्हणाले. "खिशात हात घातला होता. ती म्हणाली, दाजी, राहू द्या."

"मंग कुणी दिले?"

"तिनंच. पर्समधून. त्यानं मागितले तेवढे."

मागितले तेवढे! इतक्या वर्षांत आमच्या घरातून कुणाला मागितले तेवढे मिळाले नव्हते. मला साडूंचा राग येणार होता, सगळी तयारी झाली होती, आणि आता तो ठेवायला जागाच उरली नाही.

मी पायऱ्यांकडे निघालो. पळत गेलो तर डोली गाठता आली असती. उतरणीच्या तोंडाशी दोरी बांधली होती आणि एक रखवालदार शिट्टी फुंकत उभा होता.

"बंद आहे. वरून पाणी वाढलंय, गढूळ यायला लागलंय. खालचे वर आल्याशिवाय कुणी जायचं नाही."

"माझी बायको आत्ता खाली गेली."

"गेलेल्यांना आणतोय वर. तुम्ही थांबा."

"एकटा जातो. दोन मिनिटात तिला घेऊन येतो."

"न्हाई."

"अर्ध्यापर्यंत जातो. तिथून हाक मारतो."

"न्हाई म्हटलं ना, काका."

काका! मी त्याला पटवायला बघितलं, रागावलो, मोठ्या माणसांची ओळख सांगितली, पाठसुद्धा फिरवली. काहीच लागू झालं नाही. असा माणूस मी मोंढ्यात कधी पाहिला नाही. त्याला विकायचंच काही नव्हतं.

कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. खाली नुसतं धुकं, त्यातून आवाज. मघाचा आवाज बदलला होता, जाड झाला होता. एवढ्या मोठ्या धबधब्यापाशी उभा राहून मला पाण्याचा एक थेंब दिसत नव्हता. तिची साडी लाल होती. मी लाल शोधत होतो. निसरड्या पायऱ्या, गुडघे गेलेले, चार परके खांदे, आणि वरून गढूळ पाणी. डोलीवाल्यांनी तिला उतरवून ठेवलं आणि पळून आले तर? हातानं कठड्याचा लोखंडी पाइप असा धरला होता की सोडताना बोटं दुखली.

साडू जवळ आले. "शेठ, बसा थोडं. येईल ती. ते रोजचे लोक आहेत."

"तुम्हाला काय जातंय बसा म्हणायला?" मी ओरडलो. लोक बघायला लागले. "तुम्हीच दर वर्षी टुमणं लावलं. धबधबा, धबधबा. तुम्ही शाल पांघरा अन् गप बसा!"

"कोणती शाल?"

"मेव्हण्याच्या लग्नातली!"

ते माझ्याकडे बघत राहिले. खरोखर आठवून बघत होते. मग आक्कांना म्हणाले, "शाल दिली होती का गं आपल्याला?" आक्का म्हणाल्या, "असंल. काय माहीत. कुणाच्या तरी लग्नात पुढं दिली असंल."

मला हे सहन झालं नाही. ज्या शालीपायी मी इतकी वर्षं धड झोपलो नाही ती यांनी कुणाला दिली हेसुद्धा यांना ठाऊक नाही. मी तिथून बाजूला झालो. मला काही तो धबधबा बघायचा नव्हता. बघण्यात मला रस कधीच नव्हता. दाखवायचा होता, आणि दाखवायला ज्या माणसाला आणलं तेच माणूस धुक्यात गेलं होतं.

मग खालून माणसं यायला लागली. आधी तरुण पोरंपोरी, ओली, ओरडत. मग म्हाताऱ्यांना धरून आणणारे. एक डोली आली, त्यात दुसरीच कुणी बाई. दुसरी आली, तिच्यात एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले. तिसरीत ती होती. साडी अंगाला चिकटलेली, केस कपाळावर, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. दोन्ही हात मांडीवर. एखादी पूजा आटोपून आल्यासारखी बसली होती.

डोली टेकली. मी तिला "लागलं का कुठं?" असं विचारायला हवं होतं आणि विचारणारही होतो, पण आधी म्होरक्या दिसला.

"का रे," मी म्हणालो, "मी पुढं गेल्तो तर हाक का न्हाई मारली?"

तो धापा टाकत होता. पंच्यानं तोंड पुसलं. "का मारायची हाक? मावशी तर बसल्याच व्हत्या."

"मी निघून चाललो व्हतो. सौदा मोडून."

"आमाला वाटलं तुमाला यायचं न्हाई. मावशी म्हनल्या, त्यान्ला बागंचं काम असतं."

मी बायकोकडे बघितलं. ती आक्कांनी दिलेल्या टॉवेलनं केस पुसत होती. मी त्या माणसाला बरंच बोललो. पाणी वाढलेलं असताना बाईमाणसाला खाली नेलं, जबाबदारी कुणाची, तक्रार करीन. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "नेलं तवा पानी सफा व्हतं. वाढलं अन् आनलं बी बराबर वर. अजून काय पायजे?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझं वाक्य अर्धंच राहिलं. वाट त्या दिवशी पुन्हा उघडली नाही, म्हणून माझं खाली जाणंही राहिलं.

परतताना ती पुढच्या सीटवर बसली. केस मोकळे सोडले होते, सीट सगळी ओली. एरवी मी बोललो असतो. भोकरदन आलं. साडूसुद्धा रस्ता सांगत नव्हते. शेवटी मीच विचारलं, "कसा व्हता?"

तिनं जरा विचार केला. "जवळ गेल्यावर काहीच ऐकू येत न्हाई हो. ते डोलीवाले तोंडं हालवत व्हते, मला एक शब्द कळंना. कुणी किती बी बोललं तरी पोचत न्हाई तिथं." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "लई बरं वाटलं."

मागच्या सीटवर साडूंना खोकला आला.

"हे मला बोलून राह्यली का तू?" मी म्हणालो.

"तुम्हाला कशाला? पाण्याचं सांगून राह्यले."

दिवाळीनंतर तिचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. आता ती देवळाच्या पायऱ्या एकटी चढते. नातेवाईक आले की धबधब्याचा विषय निघतोच, आणि ती म्हणते, "मी जाऊन आले ना." कुणी नेलं, कुणी दाखवला, हे कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. साडूंनीही तो विषय जेवताना काढणं बंद केलं. मला वाटतं त्यांना माझी कीव आली असावी, आणि ते मला त्यांच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागतं.

यंदा पाऊस उशिरा आला, पण आला. एका बागेचा सौदा तुटला आणि अचानक रविवार रिकामा झाला. मी सकाळी चहा घेताना म्हणालो, "चल, आज जाऊ. साडू न्हाई, कुणी न्हाई. तुला बराबर जवळून दाखवतो."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझा बघून झालाय. तुम्ही या की जाऊन."

मी गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत गेलो. थोडा वेळ तिथं उभा राहिलो. तिनं हाक मारली नाही. मग चप्पल घातली आणि मोंढ्यात गाळ्यावर जाऊन बसलो. रविवार होता, सगळं बंद होतं.